गावची जमीन संपादनात जाताना: मुंबईकर खातेदारासाठी पहिल्या नोटिशीपासून कमी-जास्त पत्रकापर्यंत

गावच्या जमिनीतून रस्ता, रेल्वे किंवा औद्योगिक क्षेत्र जाणार असल्याची बातमी मुंबईत राहणाऱ्या खातेदाराला बहुधा उशिरा कळते. गणपतीला गावी गेल्यावर बांधाजवळ आकडे घातलेला नवा दगड दिसतो, किंवा ग्रामस्थ मंडळाच्या सभेत कोणीतरी गट क्रमांकांची जाहिरात छापलेले वर्तमानपत्र घेऊन येतो, किंवा चुलतभाऊ फोन करून सांगतो की, तलाठ्याकडे नोटीस आली आहे आणि तिच्यावर कित्येक वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव आहे. मग चाळीत आणि सोसायटीत चर्चा सुरू होते ती एकाच प्रश्नाची: गुंठ्याला किती मिळणार? आमच्या मंडळाच्या मुंबई शाखेत असे कागद लोकांबरोबर बसून वाचताना माझे मत पक्के झाले आहे की, हा प्रश्न शेवटचा आहे. वाजवी मोबदला मिळणार की नाही, हे धनादेशाच्या दिवशी ठरत नाही. ते त्याच्या वर्ष-दोन वर्षे आधी, सातबाऱ्यावरील नाव, संयुक्त मोजणीचा तक्ता आणि मुदतीत दिलेली हरकत या तीन ठिकाणी ठरून गेलेले असते. हा लेख ज्यांच्या हाती अशी नोटीस पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी आहे.

मुंबईकरांना या विषयाबद्दल आपुलकी वाटावी याला आणखी एक कारण आहे. या शहराचे पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा या धरणांतून येते आणि ती धरणे ज्या जमिनीवर उभी आहेत, ती कोणाची तरी होती. मुळशी पेठेतील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्या धरणाची वीज मुंबईसाठीच हवी होती. त्या काळी १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता आणि ‘सार्वजनिक प्रयोजन’ या शब्दांपुढे शेतकऱ्याचे फारसे काही चालत नसे. उरण तालुक्यात जासईजवळ जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांच्या योजनेमागे तो लढा आहे. आज आपल्या हाती असलेले हक्क अशा लढ्यांतून आले आहेत, म्हणून ते वापरताना संकोच करण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते वाचा

नोटिशीच्या पहिल्या दोन ओळींत कायद्याचे नाव आणि कलम असते. बहुतेक जण त्या ओळी ओलांडून थेट गट क्रमांकाकडे जातात, आणि तेथेच चूक होते, कारण हरकतीची मुदत, दाद मागण्याची जागा आणि ताब्याचे नियम हे सारे त्या कलमावर अवलंबून असते.

मुख्य कायदा २०१३ चा आहे. त्याचे नाव ‘भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करताना वाजवी भरपाई मिळण्याचा व पारदर्शकतेचा हक्क’ असे लांबलचक असले, तरी कायद्याच्या नावातच ‘हक्क’ हा शब्द आहे हे लक्षात ठेवावे. तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात कलम ११ खाली प्राथमिक अधिसूचना निघते, कलम १५ खाली ६० दिवसांत हरकत घेता येते, कलम १९ खाली घोषणा होते आणि कलम २३ खाली निवाडा, म्हणजे मोबदल्याचा अधिकृत निर्णय, होतो. घोषणेपासून १२ महिन्यांत निवाडा झाला नाही आणि मुदतही वाढवून दिली गेली नाही, तर ती कार्यवाही व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते.

राष्ट्रीय महामार्गासाठी मात्र १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम लागतो. त्यात कलम ३अ म्हणजे ‘थ्री कॅपिटल ए’ खालील अधिसूचना निघाली की हरकतीसाठी फक्त २१ दिवस मिळतात. पुढे ‘थ्री डी’ ची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली की जमीन कायद्याने केंद्र सरकारची होते, मग पैसे मिळालेले असोत वा नसोत. कार्यालयांत आणि गावांतही ही कलमे ‘थ्री ए’, ‘थ्री डी’, ‘थ्री जी’ अशीच ओळखली जातात, म्हणून मीही तेच शब्द वापरतो. रेल्वेच्या विशेष प्रकल्पांसाठी १९८९ चा रेल्वे अधिनियम वापरला, तर हरकतीची मुदत ३० दिवसांची असते. औद्योगिक क्षेत्रासाठी १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम लागतो आणि त्यातील कलम ३२(२) ची नोटीस रायगड जिल्ह्यातील माणगाव, रोहा, तळा या तालुक्यांतील अनेक घरांनी पाहिलेली आहे. राज्याच्या रस्त्यांसाठी १९५५ चा महामार्ग अधिनियमही वापरला जातो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मोठा प्रकल्प येण्यापूर्वी त्याचा गावावर काय परिणाम होईल याची पाहणी करणे, म्हणजे सामाजिक परिणाम निर्धारण, हा २०१३ च्या कायद्याचा गाभा होता. महाराष्ट्राने २०१८ साली केलेल्या दुरुस्तीनंतर पायाभूत सुविधांसह काही वर्गांतील प्रकल्पांना राज्य शासन या पाहणीतून सूट देऊ शकते. माझ्या मते न्याय्यतेच्या दृष्टीने ही मोठी घट आहे, कारण रस्ता नेमका कोणाच्या विहिरीवरून जातो हे विचारण्याची सरकारी व्यवस्थाच त्यामुळे बाजूला पडते. अशी सूट दिली गेली असेल, तर हे काम गावाने स्वतः करावे. ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि त्यात पाणवठे, स्मशानभूमी, शाळेची वाट, गुरांचा रस्ता आणि ओढ्यांचे प्रवाह नकाशावर दाखवून ते हरकतीला जोडावेत. पालघर जिल्ह्यातील तलासरी, डहाणू किंवा जव्हारसारख्या अनुसूचित क्षेत्रात तर २०१३ च्या कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे संपादनापूर्वी ग्रामसभेची संमती घेणे आवश्यक आहे. ती केवळ उपचार म्हणून उरकली जाऊ नये यासाठी मुंबईत कामाला असलेल्या तरुणांनी त्या दिवशी रजा टाकून गावी जावे.

दुसरी पायरी: कागदावर जिवंत माणसांची नावे आणा

कोकणातील सातबाऱ्यावर आजही तीन पिढ्यांमागचे नाव, त्याखाली वीस-पंचवीस सहहिस्सेदार आणि ‘इतर हक्क’ रकान्यात कोणाचे तरी कूळ असे चित्र सर्रास दिसते. गावात राहणाऱ्यांना त्याने अडत नाही, कारण कोणते खाचर कोणाचे हे सर्वांना ठाऊक असते. भूसंपादन अधिकाऱ्याला मात्र कागदच दिसतो, आणि कागदावरील माणूस हयात नसेल तर पैसा कोणालाच मिळत नाही.

म्हणून सर्वप्रथम महाभूलेखवरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, काढावा. सातबाऱ्याला प्रत्येकी १५ रुपये लागतात आणि हे काम दादरला बसूनही होते. त्यावरील फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) क्रमांक पाहून जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागवावेत. वारस नोंद राहिली असेल, तर मृत्यूचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि सर्व वारसांचे ओळखीचे पुरावे जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे जुन्या नावाने तलाठ्याकडे, अर्ज करावा. हा अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. नोंद लागल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. हे काम अधिसूचना निघण्यापूर्वी झाले तर उत्तम. नंतर झाले तरी निवाड्यापूर्वी व्हायलाच हवे.

वंशावळ लिहिताना बहिणींची आणि आत्यांची नावे गाळू नका. हे मी कायद्यापोटी सांगतो तसेच मनापासूनही सांगतो. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने केलेल्या दुरुस्त्यांनंतर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले आहे. लग्न होऊन नालासोपाऱ्याला किंवा सुरतेला गेलेल्या बहिणीकडून ‘सरकारी कामासाठी सही हवी’ असे सांगून हक्कसोडपत्र घेण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. सरकारकडून न्याय मागायचा आणि घरात तो नाकारायचा, ही गोष्ट मनाला पटत नाही. शिवाय अशी बहीण पुढे हरकत घेऊन उभी राहिली की सगळ्यांचीच रक्कम न्यायालयात जमा होते आणि वर्षानुवर्षे तेथेच पडून राहते.

हिस्से तोंडी वाटलेले असतील, तर सर्वांच्या संमतीने महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येते. इतक्या लवकर ते जमणार नसेल, तर निदान कोणाचा किती हिस्सा हे सांगणारे, सर्वांच्या सह्यांचे संमतीपत्र तयार ठेवावे. एकाच माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून मोकळे होण्याचा मोह टाळावा. करायचेच असेल, तर ते नोंदणीकृत असावे आणि त्यात हरकत घेणे, मोजणीस हजर राहणे, कागद मिळवणे एवढेच अधिकार द्यावेत. रक्कम ज्याच्या त्याच्या बँक खात्यात जावी. कोऱ्या मुद्रांकपत्रावर सही मागणारा मध्यस्थ कितीही ओळखीचा असला, तरी त्याला सही देऊ नये.

तिसरी पायरी: संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहा

सगळ्या पायऱ्यांत एकीचीच निवड करायची झाली, तर मी हिची करीन. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक, भूसंपादन कार्यालयाचा माणूस आणि प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणेचा प्रतिनिधी अशा तिघांनी मिळून केलेली ही मोजणी असते. किती क्षेत्र जाते, ते भातजमिनीतून जाते की वरकसातून (डोंगराळ, हलक्या जमिनीतून), त्यावर झाडे कोणती, विहीर आहे का, मांगर (शेतघर) पक्का आहे की कच्चा, गडग्याची (दगडी कुंपणाची) लांबी किती, हे सर्व त्या दिवशीच्या तक्त्यात उतरते. नंतरचे सारे मूल्यांकन त्या तक्त्यावरूनच होते. त्यात नसलेले हापूसचे झाड पुढे कितीही भांडले तरी उगवत नाही.

कोकणात एक विशेष अडचण आहे. चाळीस वर्षांची कलमबाग ज्या जमिनीवर उभी असते, ती सातबाऱ्यावर अनेकदा ‘वरकस’ किंवा ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य क्षेत्र) म्हणूनच राहिलेली असते आणि तिचा दर भातशेतीपेक्षा कमी धरला जातो. हे टाळायचे तर ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावरील पिकांच्या ऑनलाइन नोंदीत) आंबा, काजू, नारळ, सुपारी, रतांबा यांची संख्या आधीपासून नोंदवलेली असावी. पोटखराबा लागवडीखाली आला असेल, तर तशी दुरुस्तीही मागावी. मोजणीच्या आधीच्या रविवारी प्रत्येक झाडावर चुन्याने क्रमांक घालून, दिनांक दिसेल अशी छायाचित्रे काढून आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनी यादी करून ठेवावी. फळझाडांचे मूल्यांकन कृषी विभाग, इमारती लाकडाचे वन विभाग आणि बांधकामाचे सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. आपली यादी या तिघांकडे स्वतंत्रपणे, पोच घेऊन द्यावी.

मोजणीनंतर समोर आलेल्या पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही करू नये. तक्ता कोरा किंवा अर्धवट असेल, तर सहीच्या वर ‘झाडांची नोंद अपूर्ण, हरकत स्वतंत्रपणे देत आहे’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी, मुंबईची गाडी चुकेल म्हणून, घाईत सही केली. घराच्या पडवीतून रेषा गेली होती आणि तक्त्यात ‘मोकळी जागा’ असे लिहिले होते. ती एक ओळ दुरुस्त करून घेण्यात त्यांची दोन वर्षे गेली. २०१३ च्या कायद्याखाली संपादन असेल आणि घराचा काही भागच जात असेल, तर संपूर्ण घर संपादित करा असा आग्रह धरण्याचा हक्क कलम ९४ ने दिला आहे, हेही येथेच सांगून ठेवतो.

चौथी पायरी: हरकत मुदतीत आणि मुद्द्याने लिहा

‘आमचा प्रकल्पाला विरोध आहे’ एवढ्या एका वाक्याची हरकत फेटाळणे सोपे असते. हरकतीत ठोस बाबी असाव्यात: क्षेत्र चुकले आहे, गट क्रमांक चुकला आहे, रेषा काही मीटर सरकवल्यास पड जमिनीतून जाऊ शकते, उरलेला तुकडा कसण्याजोगा राहत नाही, पावसाळी पाण्याचा मार्ग बंद होतो. बहुपीक बागायत जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी, असे २०१३ च्या कायद्याचे कलम १० सांगते. जमीन तशी असेल तर त्याचा उल्लेख जरूर करावा. हरकत दोन प्रतींत द्यावी, एकीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा, आणि सुनावणीची मागणी लेखी करावी. गावी जाणे शक्य नसेल, तर स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपावी. मूळ अधिसूचनेची प्रत हवी असल्यास राजपत्र शासनाच्या संकेतस्थळावर मिळते. जुन्या अंकांची चौकशी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयातही करता येते.

२०१३ च्या कायद्याखालील प्राथमिक अधिसूचनेनंतर जमिनीचे खरेदी-विक्री व्यवहार कायद्याने थांबतात. त्याआधीच्या महिन्यांत मात्र गावात अनोळखी गाड्या फिरू लागतात आणि चालू दरापेक्षा थोडे जास्त देऊन जमिनी घेतल्या जातात. अशा वेळी विकण्यापूर्वी पुढच्या पायरीतला हिशेब एकदा करून पाहावा.

पाचवी पायरी: मोबदल्याचा हिशेब स्वतः मांडा

२०१३ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे बाजारमूल्य ठरवताना दोन आकडे समोर ठेवले जातात. एक म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा शासकीय दर, ज्याला आपण रेडीरेकनर म्हणतो. दुसरा म्हणजे त्या किंवा जवळच्या गावातील तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी जास्त दराच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी. यांतील जो जास्त तो धरायचा. संमतीने ठरलेला दर असेल तर तोही तुलनेत येतो. गावाकडील खरेदीखतांत किंमत कमी दाखवण्याची जुनी सवय येथे अंगाशी येते, पण म्हणून हातपाय गाळू नयेत. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेवरून सूची क्रमांक २ च्या, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या गोषवाऱ्याच्या, प्रती काढून आपल्या व शेजारच्या गावांतील चांगल्या दराचे व्यवहार शोधावेत आणि ते निवाड्यापूर्वीच लेखी सादर करावेत. संपादन सुरू करण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याने प्रचलित दराप्रमाणे बाजारमूल्य अद्ययावत करावे, असेही याच कलमात म्हटले आहे. ते झाले की नाही हे विचारावे.

या बाजारमूल्याला ग्रामीण भागात १ ते २ मधील गुणकाने गुणले जाते. गुणक राज्य शासन ठरवते आणि प्रकल्पाच्या प्रकाराप्रमाणे व तारखेप्रमाणे तो वेगळा असू शकतो, म्हणून निवाड्यात कोणता धरला आहे हे सर्वांत आधी पाहावे. फरक किती पडतो ते समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा १० गुंठे जाते आणि दर गुंठ्याला १ लाख रुपये ठरला. बाजारमूल्य १० लाख. गुणक २ असेल तर ते २० लाख झाले. झाडे व बांधकाम यांचे ३ लाख धरून २३ लाख. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, जिला कार्यालयात सोलेशियम म्हणतात, ती आणखी २३ लाख. एकूण ४६ लाख. याखेरीज मूळ बाजारमूल्यावर दरसाल १२ टक्के वाढीव रक्कम मिळते. दीड वर्षाचा काळ धरला तर ती १ लाख ८० हजार होते. सारे मिळून ४७ लाख ८० हजार. आता गुणक १ धरा: १० लाख, अधिक ३ लाख, त्याच्या दुप्पट २६ लाख, अधिक १ लाख ८० हजार, म्हणजे २७ लाख ८० हजार. जमीन तीच, झाडे तीच, आणि एका आकड्याने २० लाखांचा फरक पडला.

भरपाईची ही पद्धत राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वेच्या संपादनालाही १ जानेवारी २०१५ पासून लागू आहे. त्यापूर्वी, १९९७ ते २०१५ या काळात, महामार्गासाठी ज्यांची जमीन गेली त्यांना दिलासा रक्कम व व्याज नाकारणे घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. ज्यांची जुनी प्रकरणे आहेत त्यांनी तो वकिलाला दाखवावा.

थेट खरेदीचा प्रस्ताव येऊ शकतो. ७०१ किलोमीटरच्या नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासाठी बहुतांश जमीन अशीच, वाढीव दर देऊन घेतली गेली. पैसे लवकर मिळतात हे खरे, पण खरेदीखतात ‘पुढे वाढीव मोबदला मागणार नाही’ अशी अट असते का ते पाहावे आणि सक्तीच्या संपादनात किती मिळाले असते याच्याशी ताडून मगच सही करावी.

सहावी पायरी: ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही त्यांचा विचार

आपण मुंबईत आणि शेत दुसरेच कोणीतरी कसत आहे, अशी स्थिती असेल तर हा भाग नीट वाचावा. २०१३ चा कायदा ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत जमीनमालकाखेरीज कूळ, वाटेकरी, शेतमजूर आणि कारागीर यांनाही धरतो, मात्र संपादनापूर्वी तीन वर्षे त्यांची उपजीविका त्या जमिनीवर असली पाहिजे. विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाह भत्ता, ५०,००० रुपये वाहतुकीसाठी, ५०,००० रुपये पुनर्वसाहत भत्ता, आणि बाधित कुटुंबाला नोकरी, एकरकमी ५ लाख रुपये किंवा २० वर्षे दरमहा २,००० रुपये यांपैकी एक पर्याय, असे हक्क दुसऱ्या अनुसूचीत दिलेले आहेत. आपल्या आंब्याच्या बागेत दोन पिढ्या राखण करणारे कातकरी कुटुंब त्या यादीत असावे यासाठी दोन ओळींचा दाखला लिहून देणे मालकाला सहज शक्य असते. त्याने मालकाचा एक रुपयाही कमी होत नाही. तसे लिहून देण्याऐवजी ‘यांचा जमिनीशी संबंध नाही’ असे लेखी देणारे मालकही आहेत, आणि मला ते चुकीचे वाटते.

सातवी पायरी: निवाडा, ‘हक्क राखून’ स्वीकार आणि पुढची दाद

निवाड्याची प्रमाणित प्रत मागून घ्यावी आणि आपल्या हिशेबाशी ओळीओळीने ताडावी. तुलनेसाठी घेतलेली खरेदीखते कोणती, झाडांचे वय काय धरले, हे निवाड्यात नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून मूल्यांकन अहवाल व मोजणी तक्ता मागवावा. माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून हा अर्ज लगेच करावा.

रक्कम कमी वाटली तरी ती नाकारून घरी बसण्याची गरज नाही. पैसे घ्यावेत, पण पावतीवर ‘निषेध नोंदवून व वाढीव मोबदल्याचा हक्क राखून स्वीकारले’ असे लिहावे आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. कलम ७७ प्रमाणे निषेध न नोंदवता पैसे घेणाऱ्याला पुढे संदर्भ अर्ज, म्हणजे वाढीव मोबदल्याचा अर्ज, करता येत नाही. एवढ्या छोट्या वाक्याअभावी हक्क गमावलेली घरे आहेत. संदर्भ अर्ज कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्याकडे करायचा असतो. निवाड्याच्या वेळी आपण हजर असू तर त्या दिवसापासून सहा आठवडे, नसू तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर जिल्हाधिकारी आणखी एका वर्षापर्यंत उशीर माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. हा अर्ज ज्याच्याकडे निर्णयासाठी जातो त्या प्राधिकरणाने त्याच अधिसूचनेतील शेजाऱ्याला वाढीव रक्कम दिली, तर ज्याने अर्ज केला नव्हता त्यालाही तीन महिन्यांत कलम ७३ खाली तशीच वाढ मागता येते. प्राधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील होते आणि त्याला ६० दिवस मिळतात.

राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकरणात मार्ग वेगळा आहे. तेथे ‘थ्री जी’ च्या पोटकलम ५ खाली लवादाकडे जावे लागते आणि लवादाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात जाण्याला मर्यादित कारणेच मिळतात. म्हणून सारा पुरावा, म्हणजे खरेदीखते, छायाचित्रे, बागेच्या उत्पन्नाच्या पावत्या, लवादापुढेच सादर करावा.

कराबाबत थोडक्यात सांगतो. २०१३ च्या कायद्याखालील निवाड्याच्या रकमेवर कलम ९६ प्रमाणे प्राप्तिकर व मुद्रांक शुल्क लागत नाही. टीडीएस कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागावा. थेट खरेदी, अन्य कायद्याखालील निवाडा आणि विलंबाचे व्याज यांबाबत मात्र सनदी लेखापालाला विचारूनच पाऊल टाकावे.

शेवटची पायरी: उरलेल्या जमिनीचे कागद

पैसे खात्यात आले की मुंबईकर खातेदार फाइल माळ्यावर टाकतो. प्रत्यक्षात एक काम उरलेले असते. संपादित क्षेत्र वगळून उरलेल्या क्षेत्राचे कमी-जास्त पत्रक भूमी अभिलेख कार्यालयाने तयार करून त्याप्रमाणे सातबारा दुरुस्त व्हायला हवा. हे झाले नाही तर पुढे कर्ज, वाटप, विक्री सगळे अडते, आणि कधी कधी पुऱ्या गटावरच प्रकल्पाचे नाव चढलेले आढळते. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे निवाड्याची प्रत जोडून अर्ज करावा, नवीन हद्दीचे दगड दाखवून मागावेत, आणि रस्त्यापलीकडे राहिलेल्या तुकड्याला पोचण्यासाठी भुयारी वाट किंवा सेवा रस्ता आराखड्यात दाखवला आहे का, हे काम चालू असतानाच पाहावे. मोरीची, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेची, जागा चुकली असेल तर पहिल्या पावसात भाताच्या खाचरात पाणी तुंबते आणि डांबर पडल्यावर ती मोरी हलवायला कोणी तयार होत नाही, म्हणून पावसाळ्यापूर्वी गावी एक फेरी मारून ती जागा स्वतः पाहावी आणि हरकत असेल तर प्रकल्प अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी द्यावी.